पाठीच्या मधोमध

बुरु बेटावर, नामलेआच्या मागच्या टेकड्यांत
हालिजा वाएल पहाटेच डहाळी धरते
आणि एका दमात मुठीतून पानं ओरबाडते.
झाडांची साल पांढरी, कागदासारखी सुटत जाते.
तिकडे ह्याला म्हणतात पांढरं लाकूड.
आपल्याकडचा काष्ठौषधीवाला म्हणतो कायापुटी,
आणि माझ्या कानाला त्यात आधी काया ऐकू येते.
असू दे. चूकच, पण बरी चूक.

लाकडी पिंपात पानं पायांनी दाबायची,
वर झाकण, फटीला ओला चिखल,
खाली जळण म्हणून मागच्या खेपेचा चोथा.
वाफ नळीतून ओढ्यात बुडी मारते
आणि दुसऱ्या टोकाला थेंब थेंब उतरते,
हिरवट, डोळे चुरचुरवणारी.
दोन माणसांचं काम.
ताहेर गेल्यापासून एकटीचं.

अचुन शेठ बाटली हलवून बघतो.
बुडबुडे लगेच फुटले तर चोख,
रेंगाळले तर रॉकेल.
हालिजाचे लगेच फुटतात.

घरात एक बाटली विकायची नसते.
बिअरची, लेबल अर्धं खरवडलेलं,
तोंडाला मक्याच्या बुरकुंड्याचं बूच.
गुडघ्यांना तीच, मनगटांना तीच,
सासूच्या खांद्याला, ती होती तोवर.
सगळ्या वस्तीचं दुखणं ह्या हातांनी चोळलंय.
जातं का गं? विचारलं तर म्हणते,
जात नाही. जरा सरकून बसतं,
जेवून घेण्यापुरती जागा देतं.

पण पाठीला एक ठिकाण आहे,
दोन फऱ्यांच्या मध्ये, किंचित डावीकडे.
वरून हात घातला तर अलीकडे थांबतो,
खालून घातला तर पोचतच नाही.
तिथे ताहेरचा अंगठा जायचा,
खरखरीत, पिंपाच्या कडेने भाजलेला.
चोळता चोळता ओढ्याच्या पाण्याबद्दल बोलायचा.
ती म्हणायची, जरा वर.
तो मुद्दाम खाली.

आता ती दाराच्या खांबाला तेल फासते
आणि पाठ लावून उभी राहते,
हळूहळू वर, हळूहळू खाली.
गाईसारखी, म्हणते, आणि एकटीच हसते.
त्या उंचीला खांब काळा पडलाय, गुळगुळीत.
आल्यागेल्याचा हात तिथे जातो
आणि बोटांना वास घेऊन परततो.

परवा आंबोनहून इद्रुसचा फोन आला:
आई, मान आखडलीय, बोटीने बाटली पाठव.
तिने पाठवली. पहिल्या धारेतली.
वर फोन करून बजावलं,
गार मानेला लावू नको, आधी तळवे घास,
आणि स्वतः चोळत बसू नको,
कुणाला तरी सांग.

पलीकडे बराच वेळ
फक्त बंदराचा भोंगा.
मग तो म्हणाला, कुणाला?

ओढ्यावर नळी ठिबकत होती.
बाटली भरत आली होती.
फोन खांद्याशी धरून
तिने दुसरी लावली.