वहिवाट

आमच्या घरामागून एक बोळ जातो.
दोन माणसं समोरासमोर आली
तर एकाला भिंतीशी पाठ लावावी लागते.
एनिड त्याला गिनल म्हणते.
क्लिफर्ड म्हणतो, छे, स्निकेट.
गिनलला दोन्ही अंगांना भिंती हव्यात,
इथे एका बाजूला कुंपण आहे.
ते तूच लावलंस ना, त्र्याऐंशी साली,
त्याआधी भिंतच होती की!
ऑटलीत आल्यापासून हे भांडण ऐकते आहे,
चार हिवाळे.

शेवटी लायब्ररीत जाऊन जाडा कोश उघडला.
गिनल: पाण्याच्या पाटावरून, बहुधा.
स्निकेट: मूळ अज्ञात.
बस्स. एवढा ग्रंथ, आणि हात वर.
मला बरं वाटलं, खरं सांगायचं तर.
माझं मूळ इथे दर फॉर्मवर विचारतात,
आणि हा शब्द बिनबोभाट
शेवाळावरून, कचऱ्याच्या डब्यांना खेटून
शाळेच्या फाटकापर्यंत जातो.

फेब्रुवारीत बिल्डरने बोळाच्या तोंडाशी साखळी लावली.
पिवळी पाटी: खाजगी.
एनिड साखळीखालून वाकून गेली,
वय एक्क्याऐंशी, पिशवीत पाव आणि मांजराचं खाणं.
मग कौन्सिलचे फॉर्म आले.
या वाटेने आपण किती वर्षं जाता?
कुणाची परवानगी घेतली होती का?
वीस वर्षं भरायला हवीत,
न लपता, न विचारता.

माझे वडील मिरजेच्या कचेरीत कारकून.
ताटावर बसले तरी दावेच बोलायचे.
कागदाला वाळवी लागते, म्हणायचे,
वहिवाटीला लागत नाही.
मला तेव्हा वाटायचं
ही वाहणारी वाट असणार,
ओढ्यासारखी, पावलांची.
कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

एनिडच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघं.
वाटेचं नाव, या रकान्यात
तिने गिनल लिहिलं, त्याने स्निकेट,
एकमेकांचं खोडायला दोघंही टपलेले.
मी वडिलांचा शब्द सांगितला, अर्थ सांगितला.
क्लिफर्डने तो दोनदा तोंडात घोळवला,
दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर.
तुमच्याकडे एवढ्याला एकच शब्द?
म्हटलं, हो. पण भांडणं पुष्कळ.

त्याची एकसष्ट वर्षं. तिची अठ्ठावन्न.
माझा फॉर्म कोरा.
या देशात मी सगळं विचारून केलं,
येणं, राहणं, आईसाठी एकदा परत जाणं,
प्रत्येकाची पावती फाइलमध्ये आहे.

किती वर्षं: चार.
परवानगी:
इथे पेन जरा थांबलं.
एनिडने चहात दूध ओतलं, माझ्याकडे न बघता म्हणाली,
लिही गं, मोजतील ते.
मी लिहिलं, नाही,
कुणाचीच नाही.