बॉयलरवाला

बॉयलर बंद पडला त्या रात्री
आपण किती थांबलो होतो, निनाद?
जेमतेम तासभर.
तू टॉर्च घेऊन उकिडवा बसलास, दोन बटणं दाबलीस
आणि म्हणालास, हे आपल्या हातचं नाही,
माणूस बोलाव.
सकाळी आठला माणूस दारात. ग्रिम्सबीत, बर्फात.

आणि हे?
मासेवाल्याने फुकट दिलेलं कॅलेंडर,
त्यावर माझे लाल पेन्सिलीचे ठिपके.
जानेवारीत हॅडॉक, मार्चमध्ये आपला बांगडाच,
सप्टेंबरात डोळे वटारलेला कुठलासा चपटा मासा.
दर महिन्याला एकेकाच्या पोटाखाली ठिपका दिला
आणि पान उलटलं.
डिसेंबर संपला, नवं कॅलेंडर आलं.
मासे तेच.

आई फोनवर म्हणते, पपई खाऊ नकोस.
मावशी म्हणते, आमच्या वेळी कोण मोजत होतं!
शेजारची मॉरीन म्हणते, डोक्यातून काढून टाका, स्पेनला जाऊन या.
गेलो की.
पाळी आमच्याआधी पोचली होती.

कोल्ड स्टोरेजमध्ये मी तापमान लिहिते.
काटा उणे अठराच्या वर गेला
तर वीस मिनिटं वाट पाहायची, मग फोन करायचा.
भिंतीवर लिहिलंय तसं, ठळक.
माझ्यासाठी कुठल्या भिंतीवर लिहिलंय,
एवढंच मला कळत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी केसांतला चष्मा डोळ्यांवर घेतला.
पस्तिशीच्या आत वर्षभर, म्हणाल्या,
पुढे सहा महिने पुरे.
पाळीचा नेम नसेल, पोटात फार दुखत असेल,
तर तेवढंही थांबू नये.
मी सदतीस. ठिपके चौदा.
त्या रागावल्या नाहीत.
रागावल्या असत्या तर रडायला निमित्त झालं असतं.

मग तुझ्याकडे वळल्या: तपासण्या दोघांच्याही.
तू खुर्चीत जरासा सरकलास,
बॉयलरवाल्याने विचारलं होतं तेव्हा सरकलास तसाच,
शेवटचं सर्व्हिसिंग कधी केलंत?

बाहेर गोदीवरून वारा सुटलेला.
तुझ्या कोटाच्या खिशात नमुन्याची डबी,
लेबलवर तुझं नाव, एक अक्षर चुकलेलं.
तू ती मुठीत घट्ट धरून चाललेला.
'गार पडू द्यायची नाही म्हणाल्या ना?'
'अरे, रिकामी आहे ती अजून.'
आणि मग हसलोच आपण,
चिप्सच्या रांगेतली माणसं वळून बघेपर्यंत.

घरी येऊन कॅलेंडर उतरवलं नाही.
कॉडच्या शेपटीजवळ, निळ्या पेनने,
तुझ्या अक्षरात:
गुरुवार, सव्वानऊ. रक्त. दोघे.