रकाना सात

येऊरच्या शेवटच्या थांब्यापासून वीस मिनिटं आत,
आसाण्याच्या झाडाखाली माझी अंगणवाडी.
पत्रा नवा, फळा जुना,
भिंतीवर तक्ता: अ अननसाचा.
अननस इथं कुणी पाहिलेला नाही.
मीही कापलेलाच पाहिलाय,
उपवनच्या गाडीवर, मीठ लावलेला.

नवशा उंबरसाडा. वय चार वर्षं दोन महिने.
पटावर मी लिहिलं नवनाथ.
म्हटलं, पुढे शाळेत बरं दिसेल.
कुणाला बरं, ते विचारलं नाही स्वतःला.

जून गेला, जुलै गेला.
नवनाथ, पाणी हवं?
गप्प.
नवनाथ, शू लागली?
गप्प.
हा कोण? वाघ ना?
गप्प, आणि माझ्याकडे नुसतं बघणं,
झऱ्याखाली लावलेला हंडा भरतोय का बघावं, तसं.

रकाना सात, भाषाविकास.
तीन शब्दांचं वाक्य बोलतो: नाही.
साध्या प्रश्नाला प्रतिसाद देतो: नाही.
मातृभाषा: मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू, इतर.
मी इतरवर टिचकी मारली.
इतर म्हटलं की पुढचं पान लगेच उघडतं.

चौबळ मॅडम म्हणाल्या, कळव्याला न्या,
कान तपासून घ्या एकदा.
चिठ्ठी दिली. ती माझ्या पर्समध्ये,
बसच्या तिकिटांत दुमडलेली.

मग गौरी बोळवल्यानंतरचा तो बुधवार.
मदतनीस जानकी सांबर खिचडी ढवळत होती.
मी विचारलं, नवनाथ, आणखी वाढू?
गप्प.
मी पातेलं पुढच्या मुलाकडे सरकवलं.
जानकीनं डाव माझ्या हातातून काढून घेतला.
"बाई, तो हो बोलला ना."
कधी?
"आता. भिवई केली ना त्यानं."

भिवई.

तिनं करून दाखवली: कपाळावर एक बारीक लाट,
पान हललं की नाही असं वाटावं इतकीच.
हे हो.
हनुवटी खाली, नजर पायांवर: हे नाही.
ओठ पुढे काढून बाजूला: तिकडं बघ.
"मोठ्या माणसापुढं पोसा उगा तोंड नाय चालवत आमच्यात.
पहिला ऐकतो."

म्हणजे तीन महिने तो उत्तरं देत होता.
पाणी हवं? हो.
शू लागली? हो.
(म्हणून ती ओली चड्डी, आणि मी किती ओरडले होते.)
वाघ ना? नाही.
तक्त्यातल्या वाघाला पट्टे होते.
त्यांच्या वाघाला ठिपके असतात.
मागच्या थंडीत त्यानं ओटीवरून कुत्रा नेला.

मला सावंतवाडीहून ठाण्यात आणलं तेव्हा
वर्गात मी 'खंय' म्हटलं होतं, एकदाच.
एकदाच पुरलं.
हे कुणाला सांगितलेलं नाही. जानकीलाही नाही.

रात्री आरशापुढे सराव केला.
माझ्या दोन्ही भुवया एकदम वर जातात,
गॅस संपल्यासारख्या.
सकाळी बसमध्ये करून पाहिलं,
समोरची बाई पर्स छातीशी धरून बसली.

नवशा, म्हटलं मी.
तो गर्रकन वळला.
या चार भिंतींत ते नाव पहिल्यांदाच आलं होतं.
तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, हा तुमचा?
हनुवटी खाली.
खडू दिला.
त्यानं फरशीवर ठिपके काढले, नुसते ठिपके,
अंग नाही, शेपूट नाही, 
खडूचं नख उरेपर्यंत ठिपके,
आणि मग वर न बघता बोलायला लागला.

निम्मं मला कळलं नाही.
कुत्र्याचं नाव कळलं, भुत्या.
आयस कंदील घेऊन धावली, तेवढं कळलं.
मधेच थांबून तो बघायचा, पोचतंय का.
मी भिवई करायचे.
चुकत असणार,
कारण जानकी तोंडाला पदर लावून
चुलीकडे तोंड करून बसली होती.

रकाना सात अजून उघडाच आहे.
फोन विचारतोय, जतन करायचं?
मी त्याच्याकडे बघून भिवई उचलते.
त्याला कळत नाही.
तो पुन्हा विचारतो.