माशाचा वास

मरे नदीच्या काठी, कॅरव्हॅन पार्कात,
चौदा नंबरच्या जागेवर
मे महिन्यापासून माशाचा वास येतोय, अशी तक्रार.
आयलीन पटरबाईंनी तारखा वहीत लिहून ठेवल्यात.
संशय पंधरा नंबरवर. पानायोटिस
पूर्वी सामायिक नळाखाली कार्प साफ करायचा,
आता तीन महिने झाले, बादली उचलून
पार खालच्या वळणापर्यंत जातो.
तरी संध्याकाळी सहाला वास येतोच.

सहालाच? मी विचारलं.
"थंडी असली की. हीटर लावून बसले
की नेमका तेव्हाच काढतो मेला मासे."

तापलेलं जुनं प्लॅस्टिक
जळायच्या आधी कधी कधी माशासारखं वास मारतं.
शिकाऊ टेगन माझ्याकडे बघत राहिली,
तिच्या पुस्तकात नाक नव्हतं.

हीटर लावला. फ्रिज चालूच होता.
तारेभोवती मीटरचा चिमटा : साडेअकरा अँपिअर.
खांबावरचा खटका पंधराचा,
त्याच्या लेखी सगळं आलबेल.
त्याला एवढंच कळतं, किती जातंय.
कुठून अंग चोरून जातंय,
हे विचारायची त्याची पद्धत नाही.

मग उष्णतेचा कॅमेरा.
गवत निळं, खांब निळा, दारात उभ्या पटरबाई नारिंगी,
आणि सॉकेटच्या डाव्या कोपऱ्यात
तांदळाएवढा पांढरा दाणा.
चौऱ्याण्णव अंश.

वीज तोडली. कुलूप लावलं. तपासलं,
टेगनकडून पुन्हा तपासून घेतलं.
झाकण काढताच वास आला,
तोच, वहीतला.
न्यूट्रलचा स्क्रू नखाने फिरला. दीड आटा.
चाळीस अंशांचे दिवस, पाण्याचं भांडं गोठवणाऱ्या रात्री,
तांबं फुगतं, आकसतं,
आणि एवढ्याशा फटीत
वीज रोज घासत, खरडत पलीकडे जायची.
तार जांभळी. पिन भाजलेल्या पावासारखी.

टेगन म्हणाली, आवळून टाकू?
नाही गं. भाजलेलं आवळून बरं होत नाही.
चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा.
नवं सॉकेट, नवा प्लग,
स्क्रू-ड्रायव्हर "कट्" म्हणेपर्यंत.

"म्हणजे मासे नव्हते?"
नव्हते.
पटरबाईंनी वही मिटली. पेन्सिल आतच राहिली.
बराच वेळ हीटरच्या लाल जाळीकडे बघत बसल्या,
मग विचारलं, बिल माझ्या नावावर की पार्कच्या?

बाहेर पानायोटिस बादली घेऊन निघाला होता.
मी हाक मारली, सगळं सांगितलं.
त्याने मान हलवली, आणि सवयीने
खालच्या वळणाकडेच चालू लागला.

जाता जाता त्याच्या खांबावरही कॅमेरा धरला.
एकेचाळीस. अजून नुसती ऊब.
नंबर लिहून घेतला.
त्याचं सॉकेट उद्या उघडायचं,
वास यायच्या आत.