खुलासा

महोदय,
आपल्या पत्रात सात प्रश्न आहेत.
सातही मी दोनदा वाचले,
एकदा स्टाफरूममध्ये, एकदा केएमटीत उभ्यानं.

मुलांना उन्हात बसवलं होतं का?
होय. पावणेदहा ते साडेअकरा.
मंडप होता, तो व्यासपीठापुरता.

भाषणात पक्षाचा उल्लेख झाला का?
कुणी म्हणतं झाला, कुणी म्हणतं नाही.
मी तेव्हा चौथीतल्या एका मुलीला
नळाकडं घेऊन गेले होते.
तिला घेरी आली होती.
नळाला पाणी नव्हतं.

त्या संध्याकाळपासून शाळा टीव्हीवर आहे.
एका चॅनेलवर आमचं फाटक,
दुसऱ्यावरही आमचंच फाटक.
इकडं म्हणतात मुलं वापरली,
तिकडं म्हणतात मुलं घडवली.
तालमीच्या कट्ट्यावरची पोरं
फुटबॉलचं भांडण अर्धवट टाकून
आता आमच्यावर भांडतात.
भाजीवाल्या मावशीनंही विचारलं,
"बाई, तुमी कुठल्या बाजूच्या?"
मी म्हणाले, पाचवी ब.

मुलांच्या मनावर काय परिणाम झाला,
या प्रश्नासाठी एकेचाळीस वह्या जोडल्या आहेत.
निबंध लिहून घ्या, हा आदेशही
आपल्याच कार्यालयाचा होता.

बहुतेकांनी फळ्यावरून उतरवलंय,
"साहेबांनी आम्हांस मोलाचे मार्गदर्शन केले."
वाक्य माझं आहे.
साहेब बोलायच्या आदल्या दिवशीच
मी ते लिहून ठेवलं होतं.

प्रज्योत व्हटकरनं फळ्याकडं पाहिलं नाही.
सुभाषनगरातला मुलगा, घरी चपला शिवतात.
सरस्वतीच्या फोटोला हार घालताना
साहेबांनी पायातलं काढलं,
ते नेमकं याच्या पुढ्यात.
तो लिहितो:

"सायबांचं पायताण आमच्या हिकडचं न्हाई.
चिकटवल्यालं हाय, शिवल्यालं न्हाई.
डावी टाच भाईरनं झिजलीया.
अशा मान्साचा गुडगा दुकतो.
बाबा म्हंत्यात त्या अंगाला एक पट्टी टाकली
की मानूस सरळ चालतंय.
येवडा येळ हुबं ऱ्हायले.
लई दुकलं आसंल."

शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या नाहीत.
लाल पेन टोपण काढून
बराच वेळ हातात धरलं होतं, एवढंच.

केंद्रप्रमुख कुदळे सर म्हणाले,
ही एक वही काढून ठेवा,
विषयाला सोडून आहे.
शिवाय डावी टाच म्हटलं की
कोण काय अर्थ काढेल, सांगता येत नाही.
मी ती गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवली आहे.

सातवा प्रश्न, जबाबदार कोण.
त्याला आपण दीड ओळ सोडली आहे.
तीत मी माझं नाव लिहिलं,
फळ्यावरचं ते वाक्य लिहिलं,
जागा संपली.

ता.क.
वरची वही लवकर परत मिळावी.
मागच्या पानांवर त्याचं गणित आहे,
आणि त्याच्याकडं दुसरी नाही.