पंच क्रमांक दोन

चराईत माझं फ्रेमचं दुकान.
गणपती, पदव्या, लग्नं, वारलेले,
सगळ्यांना चारच काठ्या पुरतात.

तलावपाळीच्या हॉलवर
उरलेले खिळे न्यायला गेलो, तर
हवालदार ढवण म्हणाले, थांबा, पंच हवाय.
दारातल्या घोषणा तोवर संपल्या होत्या.
देणारे आत येऊन, अगदी जवळून,
मोबाइलवर फोटो काढून गेले होते.

ढवणांनी टेप लावला : अडतीस बाय बावन्न.
छत्तीस बाय पन्नास, मी म्हटलं, काठ धरू नका.
त्यांनी काठ धरला.

मग पेन थांबलं.
"नागडी लिहू?"
पंच क्रमांक एक, शहाळेवाला, चपलेकडे बघत राहिला.
"उघडी?"
उघडं दार असतं, मी म्हटलं.
शेवटी विवस्त्र लिहिलं,
त्यातल्या 'स्त्र'वर शाई फुटली.

स्त्री, वय अंदाजे पन्नास, बसलेली.
कशावर ते नाही लिहीत? उलट्या बादलीवर.
पोटऱ्यांवर निळ्या गाठी,
दिवसभर उभं राहणाऱ्यांना येतात तशा.
पोटावर टाक्यांची शिवण.
मनगटात रबर बँड, नोटांना लावायचा.
"ते गुन्ह्यात येत नाही," ढवण म्हणाले.

साहेबांनी कलम वाचलं :
देवळांतल्या, जुन्या लेण्यांतल्या मूर्तींना सूट.
ढवण माझ्या कानाशी आले :
"आमच्या अंबरनाथला भिंतभर आहेत.
शाळेची सहल तिथंच जायची.
सावलीला बसून डबे खायचो."

चित्र काढणारी हेमांगिनी भोपी
एवढंच बोलली :
तिला विचारून काढलंय. तिनं पाहिलंय.
म्हणाली, गुडघे बरोबर आलेत.

पोलिसांची चादर आखूड पडली.
जिना उतरताना
पाय बाहेरच राहिले.

आता तारखा.
वकीलबाई म्हणतात, घटनेत मोकळीक आहे,
पण तिलाही काठ आहे;
माप कुणी चुकीचं धरलं
ते ठरायला वेळ लागेल.

परवा सहीला गेलो तेव्हा पाहिलं :
मुद्देमालाच्या खोलीत, दारूचे कॅन,
नंबर नसलेल्या दोन स्कूटर,
आणि ती,
वर्गातल्या पोरासारखी भिंतीकडे तोंड करून.
पाठीवर माझ्या दुकानाचा शिक्का, फोन नंबरसकट.

भिंतीला ओल होती.
फ्रेम सागवानी आहे, मी म्हटलं, टिकेल.
ती नाही टिकायची.

ढवणांनी दाराकडे पाहिलं,
चित्र वीतभर पुढे ओढलं,
आणि वहीत काहीच लिहिलं नाही.