दोन ठोके

माझा भोंगा कुण्या पक्षाचा नाही.
दिवसाचे दीड हजार, बॅटरी वेगळी.
डिसेंबरात सरकार नागपूरला येते,
मागोमाग माझा सीझन.

परवा यशवंत स्टेडियमवरून निघाला
शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायांचा मोर्चा.
पुढे तांडापेठची वच्छला नंदनवार,
डोक्याला लेकाचा मफलर,
एका हातात थाळी, दुसऱ्यात सराटा.
गाणं तिचंच. बाप हातमागावर बसायचा,
म्हणून ओळ धोट्यासारखी पळते,
इकडून तिकडे, खटक, तिकडून इकडे:

‘पोराच्या ताटात वाटाणे तीन,
चौथा गेला कुठं?
अमक्या साहेबांचं पोट बघा,
उगाच का ते सुटं!’

अमक्याच्या जागी त्या साली जो असेल तो.
सोळा वर्षं झाली.
एका साहेबांचं आडनाव एवढं लांब
की बाया त्यातच धापा टाकायच्या.
वच्छलाबाई म्हणे, याला मंत्री करताना
कोणी ताल नाही पाहिला काय?

मागच्या साली विरोधातले एक पुढारी
शालीसकट आमच्या ट्रकवर चढले,
माईक हिसकला, आणि नाव असं घेतलं
की टेकडीचा गणपती दचकावा.
म्हणाले, ‘बाई, हे गाणं मी सभागृहात नेतो.’
नेलं असेल.
यंदा खातं त्यांच्याचकडे.
आणि नाव, बाप्पा, दोन ठोक्यांत चपखल!

मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर बॅरिकेड.
पीएसआय गेडाम, पोरगाच तो,
चष्मा पुसत म्हणाला,
‘मावशी, गाणं म्हणा. नाव नका घेऊ.
वरून आहे.’
वच्छलाबाई म्हणाली, ‘नाही घेत.’

नाही घेतलं.
नावाच्या जागी थाळीवर सराटा,
ठण् ठण्,
‘साहेबांचं पोट बघा...’
पहिल्यांदा मागची रांग हसली,
मग हातगाडीवरचा संत्रेवाला,
मग बॅरिकेडच्या पलीकडून कोणीतरी.
एक हवालदार तोंड दगडाचं करून उभा,
पण काठी त्याची डांबरावर
बरोबर तिथंच पडे.
गेडाम साहेब हातातला आदेश
उलटून पालटून वाचत राहिले.
ठण् ठण् त्यात कुठं नव्हतं.

मानधनाचं काही झालं नाही.
निवेदन कुण्या सचिवाच्या सहायकानं
उभ्याउभ्या घेतलं, त्याच हातानं फोन उचलला.
बाया रात्रीच्या गाड्यांनी गेल्या.
वच्छलाबाईनं दहा-दहाच्या नोटा मोजल्या,
शंभर कमी पडले.
‘पुढच्या डिसेंबरात देतो ना भाऊ.’

काल मंत्र्यांचा सत्कार, सिव्हिल लाइन्सला.
भोंगा माझाच, मी सांगितलं ना.
सकाळी रिकाम्या खुर्च्यांपुढे
हॅलो, हॅलो म्हणायच्या आधीच
बोट माईकच्या जाळीवर पडलं:
टक् टक्.

खुर्च्या पुसणारा पोरगा थांबला.
इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं,
आणि फडकं पिळता पिळता
हळूच म्हणाला,
‘...साहेबांचं पोट बघा.’